भरलेल्या नावेवर ९.९ एचपीचं मशीन चढत नाही, कोणता पंखा बसवावा?

शहादेकर:
नमस्कार मंडळी. धडगावकडे सरदार सरोवराच्या फुगवट्यात २२ फुटी फायबर नाव चालवायची आहे. मागे ९.९ एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (नावेच्या मागे बाहेर लावायचं मशीन), लेग म्हणजे पाण्यात उतरणारा भाग २० इंची, गिअर रेशो २.०८ (मशीनचे २.०८ फेरे झाले की पंख्याचा एक). मशीनसोबत आलेला पंखा अ‍ॅल्युमिनियमचा, तीन पात्यांचा, ९.२५ बाय १० (व्यास बाय पिच, इंचात). दोन माणसं असली की मशीन मस्त पळतं. आठ माणसं आणि धान्याची पोती चढली की पूर्ण थ्रॉटल देऊनही ४७०० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) वर जात नाही. मॅन्युअलमध्ये ५००० ते ६००० दिलेत. मोबाइलच्या जीपीएसवर वेग ताशी १० किमी आणि पेट्रोल भरमसाठ. दुकानदार म्हणतो १२ पिचचा टाका, वेग वाढेल. टाकू का? की चार पात्यांचा किंवा स्टीलचा घेऊ?

तापीकाठ:
१२ अजिबात नको भाऊ. मशीन आत्ताच ओझ्याखाली दबलंय, १२ ने आणखी खाली बसेल. फोर-स्ट्रोक सतत असं दाबून चालवलं की कार्बन धरतो, तापतं आणि पेट्रोल जाळतं ते वेगळंच.

हिशोब बघा. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंख्याने पुढे सरकायचं अंतर. आरपीएम गुणिले पिच गुणिले ०.००१५२४, भागिले गिअर रेशो, म्हणजे ताशी किमी. ४७०० आणि १० पिच धरून सुमारे ३४ येतात. तुम्हाला मिळतात १०. म्हणजे ७० टक्के घसरण. वेगाच्या बोटीसाठी केलेला पंखा ओझ्याच्या नावेला लावलाय. पाण्याला टेकलेली लांबी २० फूट धरली तर भरलेली नाव ताशी ११ किमीच्या आसपासच अडते. त्यापुढे तिला पाण्यावर उचलून पळवायला ही ताकद पुरत नाही, पंखा कोणताही असो. त्यामुळे वेगाच्या मागे न लागता पूर्ण भाराला आरपीएम कुठे येतो ते धरून निवडा.

एक इंच पिच कमी केली की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. ८ पिचला तुम्ही ५००० ते ५१०० वर याल, म्हणजे जेमतेम उंबऱ्यावर. ७ ला ५१५० ते ५३००. व्यास तोच ठेवून ७ मिळाला तर ७ घ्या, नाहीच मिळाला तर ८. ट्रॅक्टर नांगराला खालच्या गिअरमध्ये घेतो, तसंच हे.

चार पाती पाणी घट्ट धरतात, मागे घेताना आणि वळताना फरक जाणवतो. पण त्याच पिचला आरपीएम थोडा खाली येतो, तेव्हा आधी पिच उतरवा.

गिअरकेस:
पैसे घालायच्या आधी मोजणी पक्की करा. प्लगच्या वायरवर गुंडाळायचा टॅकोमीटर लावा, नेहमीइतका भार घ्या, टाकी भरा. एकदा वाऱ्यासोबत आणि एकदा वाऱ्याविरुद्ध पळवून सरासरी काढा.

मग दोन गोष्टी तपासा. एक, पंख्याच्या वरची आडवी प्लेट नावेच्या तळाला समपातळीत किंवा इंचभर खाली हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो. वळणावर आरपीएम एकदम उसळतो आणि नाव थांबल्यासारखी होते. तो दोष उंचीचा, पंखा बदलून जात नाही. दोन, पंख्याच्या पोटातलं रबर. आतल्या बुशपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची सरळ रेघ मारा आणि जोर देऊन चालवा. रेघ तुटून सरकली असेल तर रबर सुटलंय.

नवीन घेताना स्प्लाइनचे (शाफ्ट ज्यात बसतो त्या खाचांचे) दात मोजा, व्यास-पिच जुळूनही दात जुळले नाहीत तर उपयोग नाही. बसवताना आधी प्लगची वायर काढा. पात्या आणि प्लेटमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा. शाफ्टला वॉटरप्रूफ ग्रीस, मग थ्रस्ट वॉशर, पंखा, मागचा वॉशर, नट आणि नवी कॉटर पिन (नट सुटू न देणारी). जुनी पिन सरळ करून परत वापरू नका. शाफ्टवर जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलेला असतो, तो ऑइल सील कापतो. गिअर ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं की पाणी आत शिरलंय.

नर्मदा_अक्राणी:
स्टील इथे नको. पूर्ण साठा १३८.६८ मीटरला असतो तेव्हा बुडालेल्या झाडांचे बुंधे खोल असतात, उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते पंख्याच्या उंचीवर येतात. अ‍ॅल्युमिनियमचं पातं वाकतं, गिअर वाचतो. स्टीलचं पातं वाकत नाही आणि धक्का थेट शाफ्ट-गिअरला बसतो. पुढे मशीनच बदलायची वेळ आली तर २.९२ च्या आसपास रेशोचं हाय-थ्रस्ट मॉडेल बघा. एचपी तेवढंच, पण पंखा मोठ्या व्यासाचा आणि सावकाश फिरणारा, ओझ्याला तोच खरा.

शहादेकर:
७ पिच लावून रिकामी नाव परत आणताना ६००० च्या पुढे जाणार नाही का?

तापीकाठ:
पूर्ण थ्रॉटल दिला तर जाऊ शकतो. रिकाम्या नावेला पाऊण थ्रॉटल भरपूर झाला, टॅकोमीटर कायमचा समोर बसवा आणि ५५०० ला हात थांबवा. काढलेला १० चा पंखा विकू नका, जास्तीचा नट, वॉशर आणि दोन कॉटर पिनांसह नावेतच ठेवा. बुंध्यावर पातं गेलं तर त्यावर धक्क्यापर्यंत येता येईल.