कासचे रंग अमूर्तात मळकट का होतात?

सातारी_कुंचला: कास पठारावरून अमूर्त चित्र करतोय. २४×३० इंची कॅनव्हास, ॲक्रिलिक. आराखडा न करता सुरुवात केली की तासाभरात सगळं राखाडी. चुकतंय कुठे?

रंगारी: तेरड्याचा गुलाबी आणि गवताचा हिरवा हे जवळपास विरोधी रंग. ओल्यावर ओला घातला की मळणारच. हिरवा पूर्ण वाळू द्या. पातळ थराला एरवी वीसेक मिनिटं लागतात, पावसाळी हवेत दुप्पट धरा. मग पॅलेट नाइफने (रंग लावायच्या बोथट सुरीने) गुलाबी एकदाच ओढा, घासू नका. आणि पाणी बेतानं! फार झालं तर वाळलेला थर खालून सुटतो.

जांभा_दगड: पण सुरुवात फुलांपासूनच का? फुलांखाली जांभा आहे. आधी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) रोलरने फिरवा, वाळल्यावर सोनकीचा पिवळा लावून ओला असतानाच फडक्याने जागोजागी टिपा. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेही (१९२४–२००१) रोलर, नाइफ वापरत, अर्थात तैलरंगात. उत्स्फूर्त म्हणजे हाती येईल ती नळी नव्हे. तीन रंग आणि पांढरा, बस्स.

रंगारी: सहमत. मध्येच फोनवर कृष्णधवल फोटो काढा. सगळं एकाच करड्या छटेत दिसलं तर गडद-फिक्यातला फरक कमी पडतोय, नवा रंग घालून उपयोग नाही.