अंमळनेरच्या घराचा तपासणी अहवाल : खरेदीदारांना उत्तर काय द्यायचे?

नाना (जळगाव) :
सर्वांना नमस्कार. आपले अंमळनेरचे घर घेऊ इच्छिणाऱ्या शिक्षक दांपत्याने नेमलेल्या इंजिनियरांचा अहवाल काल हाती आला असून त्याची पाने वर टाकली आहेत. पुढच्या खोल्यांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या आहेत, १९८४ साली घातलेल्या स्लॅबचे मोरीवरचे प्लॅस्टर निखळून सळई उघडी पडली आहे, मागच्या धाब्याच्या (लाकडी कड्यांवरच्या मातीच्या सपाट छताच्या) एका कडीला वाळवी आहे, वायरिंग जुने असून अर्थिंग नाही आणि मोजलेले क्षेत्र मिळकत पत्रिकेपेक्षा कमी भरते, असे त्यांचे म्हणणे आहे. या आधारावर ते ठरलेल्या किमतीतून चार लाख रुपये कमी करण्यास सांगत आहेत. आपापले मत येथे लिहावे, मात्र त्यांना परस्पर फोन कोणीही करू नये, कारण एकाच घरातून दोन उत्तरे गेली की समोरच्याचा संशय वाढतो.

जिभाऊ (नाशिक) :
चाळीस वर्षांच्या घराला भेगा नसतील तर काय असेल? ते पुन्हा पाहायला येण्याआधी भेगांत पुट्टी भरून रंगाचा एक हात मारून घ्यावा, दोन लाख सोडतो असे सांगावे आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत विसार घेऊन विषय संपवावा, असे मला वाटते. एवढ्या-तेवढ्यासाठी आलेले गिऱ्हाईक घालवू नये.

भाचा (धुळे) :
मामा, रंगाच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. भेगांची छायाचित्रे तारखेसह अहवालात आहेत; त्यांवर आता रंग चढवला, तर आपण दुरुस्ती केली असे कोणी समजणार नाही, आपण झाकले असेच समजतील.

भेगांविषयी थोडे सविस्तर लिहितो. आपले घर बोरीच्या काठाकडच्या काळ्या मातीवर उभे आहे. या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि चैत्र-वैशाखात सुकून आकसते. ही उलाढाल सुमारे साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालते, म्हणूनच अशा जमिनीत अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे बुडाशी फुगीर केलेले पायाचे काँक्रीटचे खांब, तेवढे खोल नेतात. आपल्या पुढच्या खोल्यांचा पाया साधा आणि उथळ आहे, त्यामुळे भिंत दरवर्षी किंचित वर-खाली होते आणि जिथे ती सर्वांत कमजोर असते, म्हणजे दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांत, तिथून तिरपी चिरते. अहवालासाठीची पाहणी भर उन्हाळ्यात झाली आहे. या दिवसांत माती जास्तीत जास्त आकसलेली असल्याने भेगा वर्षातील सर्वांत रुंद दिसतात आणि त्यांतील काही आषाढानंतर अर्ध्याहून अधिक मिटतात. ही गोष्ट अहवालात कोठेही नाही आणि ती आपण अवश्य नोंदवावी.

स्लॅबच्या लगोलग खाली गेलेली आडवी भेग मात्र निराळी आहे. खानदेशातील उन्हाळ्यात स्लॅब तापून पसरतो आणि खालची भिंत तितकी पसरत नाही, म्हणून ती पडते. तिचा पायाशी काही संबंध नाही. अहवालात या दोन्ही भेगा एकाच ओळीत 'पाया खचल्याची लक्षणे' म्हणून मांडल्या आहेत. त्यांच्या इंजिनियरांबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो, की हा निष्कर्ष घाईचा आहे.

नाना (जळगाव) :
मग भेग जिवंत आहे की थांबलेली, हे ठरवायचे कसे?

भाचा (धुळे) :
भेगेवर आडवी पातळ काचपट्टी प्लॅस्टर ऑफ पॅरिसने दोन्ही टोकांना चिकटवून तारीख लिहायची. भिंत हलत असेल तर काच तडकते. खरे निदान पूर्ण पावसाळा पाहूनच होते, परंतु त्यांचे कर्ज मंजूर व्हायचे असल्याने तेवढे थांबणे जमणार नाही. तरीही पट्ट्या आजच लावाव्यात, म्हणजे सौदा पुढे गेला तर त्यांना आणि मोडला तर आपल्याला त्या नोंदी उपयोगी पडतील. दुसरे असे, की गच्चीचा पावसाचा पाइप थेट भिंतीच्या बुडाशी सोडलेला आहे आणि सर्वांत मोठी भेग त्याच कोपऱ्यावर आहे. तो पाइप गटारीपर्यंत नेणे आणि भिंतीलगत बाहेर उतार देऊन फरशीची पट्टी करणे, ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी दुरुस्ती आहे.

आक्का (धुळे) :
अंगणातल्या निंबाची मुळे भिंतीखाली गेली आहेत, असे शेजारी म्हणतात. तो काढून टाकला तर?

भाचा (धुळे) :
मुळीच नको, मावशी. निंब भिंतीलगतच्या मातीतले पाणी ओढतो हे खरे आहे, परंतु इतक्या वर्षांचे झाड एकाएकी काढले तर सुकलेली माती पुन्हा ओल धरून फुगू लागते आणि आज नसलेल्या भेगा नव्याने पडतात. शिवाय नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. फांद्या आटोपशीर ठेवण्यापलीकडे त्याला हात लावू नये.

धाकटी वहिनी (पुणे) :
मला चार लाखांचा हिशोब समजत नाही. हा आकडा कशाकशाचा मिळून झाला, हे अहवालात एका ठिकाणीही दिलेले नाही. सळईवरचा गंज घासून संरक्षक लेप देऊन पॉलिमर मॉर्टरने मोरीवरचा स्लॅब भरणे, एक कडी बदलून वाळवीची फवारणी करणे आणि पाइप वळवणे, एवढ्याचे लेखी दरपत्रक आपण स्थानिक ठेकेदाराकडून घ्यावे. वायरिंगचे पैसे मी एक रुपयाही सोडणार नाही, कारण ते जुने आहे हे पहिल्या भेटीतच दिसत होते, किंमत ते पाहूनच ठरली आणि राहायला येणारे कुटुंब आपल्या सोयीने नवे वायरिंग करणारच.

जिभाऊ (नाशिक) :
वहिनींचे म्हणणे पटते. पण धाब्यातल्या वाळवीचे त्यांना आपणहून किती सांगायचे? त्यांनी एक कडी पाहिली. कोपऱ्यातल्या तुळईचे शेवटचे टोक त्यांना दिसलेले नाही.

नाना (जळगाव) :
जिभाऊ, ते आपल्याला सांगावेच लागेल. विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष उघड करणे, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार विक्रेत्याचे कर्तव्य आहे आणि ते न करणे हा त्याच कलमात कपट मानला आहे. किलचणाखाली, म्हणजे छताच्या मातीखालच्या काटक्या-फळ्यांच्या थराखाली, दडलेले तुळईचे टोक नेमके या व्याख्येत बसते. कायदा बाजूला ठेवला तरी, आपण स्वतःहून एक दोष सांगितला की बाकीच्या मुद्द्यांवर आपले ऐकून घेतले जाते, असा माझा व्यवहारातला अनुभव आहे.

परंतु माझ्या मते या अहवालातील सर्वांत अवघड मुद्दा भेगांचा नाहीच. तो शेवटच्या पानावर दोन ओळींत उरकलेला क्षेत्राचा आहे. भेगेवरून भाव पडतो, कागदावरून मात्र बँक कर्जच नाकारते. मिळकत पत्रिकेवर १४८.६ चौरस मीटर आहे आणि त्यांनी १३१ मोजले. मी पाहिले, तर हे माप भिंतींच्या आतून घेतलेले आहे. आपल्या मातीतल्या जाड भिंती धरल्या, तर बहुतेक फरक तिथेच भरून निघतो. तरीही आपल्या तोंडी खुलाशावर बँकेचे मूल्यांकनकार थांबणार नाहीत, म्हणून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज या आठवड्यातच करावा. पूर्वेची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे, याचाही उल्लेख खरेदीखतात यायला हवा.

आक्का (धुळे) :
मिळकत पत्रिकेवर अजून वडिलांचेच नाव आहे ना? आम्हा दोघी बहिणींच्या सह्या लागतील का, की तुम्हा भावांच्या पुरतील?

नाना (जळगाव) :
आक्का, सह्या पाचही जणांच्या लागतील. हे घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेले असल्याने आणि मृत्युपत्र नसल्याने १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच मुलींचा वाटा मुलांइतका आहे. त्यासाठी २००५ च्या दुरुस्तीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आधी नगर भूमापन कार्यालयात पाचही वारसांची नोंद करून घेऊ आणि मगच साठेखत (विक्रीचा आधीचा करार) करू. ज्यांना खरेदीखताच्या दिवशी येणे शक्य नसेल त्यांनी नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र द्यावे.

त्यांना पाठवायच्या पत्राचा मसुदा असा आहे :

'आपला अहवाल वाचला. मोरीवरील स्लॅब, धाब्याची कडी आणि पावसाच्या पाइपचा निचरा ही कामे आम्ही मान्य करतो. याशिवाय धाब्याच्या एका तुळईच्या टोकालाही वाळवी असल्याचे आम्ही आपल्या निदर्शनास आणतो. या कामांचे दरपत्रक सोबत जोडत असून तेवढी रक्कम किमतीतून वजा करण्यास किंवा कामे करून देण्यास, यांपैकी आपण सांगाल त्यास, आमची तयारी आहे. भिंतींच्या भेगांबाबत आपल्या आणि आमच्या इंजिनियरांनी एकत्र पाहणी करावी. वायरिंग जसे आहे तसे विकले जाईल. क्षेत्राबाबत अधिकृत मोजणी करून घेत आहोत. वरील सर्व बाबी साठेखतात नमूद कराव्यात, ही विनंती.'

धाकटी वहिनी (पुणे) :
'पाहणी करावी' याच्या पुढे 'पंधरा दिवसांच्या आत' असे घालावे, नाहीतर ते पाऊस पडेपर्यंत लांबवतील. बाकी मसुदा योग्य आहे.

जिभाऊ (नाशिक) :
मान्य. घराची एक किल्ली माझ्याकडे आहे, ती उद्याच्या एसटीने येणाऱ्या मेहुण्यांबरोबर पाठवतो. भाचेबुवांनी काचपट्ट्या लावताना त्यांवरील तारखा स्पष्ट दिसतील असे फोटो येथे टाकावेत.