कॅसिनोच्या उधारीवर चेक बाउन्सची नोटीस, वडील जमीन विकायला निघालेत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितेय. अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

माझं माहेर औसा तालुक्यात. धाकट्या भावाचं तिथे खत-बियाण्याचं दुकान आहे, मी नांदेडला असते. दोन वर्षांपूर्वी तो मित्रांबरोबर गोव्याला गेला आणि मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पहिल्यांदा खेळला. मग दर दोन महिन्यांनी जायला लागला. घरी सांगायचा, हैदराबादला माल बघायला चाललोय. लातूरचा एक जण आठ-दहा जणांना गोळा करून नेतो. गाडी, हॉटेल, जेवण सगळं त्याच्याकडे. बोटीवर खिसा रिकामा झाला की चिप्सही तोच काढून देतो आणि गावी आल्यावर वसुली करतो.

नोव्हेंबरमध्ये तीन रात्रींत भाऊ ६ लाख ४० हजार हरला. निघायच्या सकाळी हॉटेलच्या खोलीत त्या लातूरच्या माणसाने त्याच्याकडून दोन कोऱ्या चेकांवर आणि ५०० च्या बाँडवर सह्या घेतल्या. बाँडवरचा मजकूर मागाहून लिहिला. त्यातला एक चेक जानेवारीत बँकेत टाकला, तो परत आला. परवा वकिलाची नोटीस आली.

नोटिशीत गोव्याचं नावसुद्धा नाही. लिहिलंय, "दुकानाच्या अडचणीपोटी दि. १५ नोव्हेंबर रोजी लातूर मुक्कामी रोख रु. ६,४०,०००/- हातउसने घेतले." हे वाक्य मी चार वेळा वाचलं. त्या दिवशी भाऊ लातुरात नव्हताच. रात्री ९ वाजून १० मिनिटांनी पणजीच्या एका मेडिकलमध्ये त्याने ८५ रुपयांच्या पित्ताच्या गोळ्या घेतल्यात, यूपीआयची नोंद फोनमध्ये आहे.

आबांना हे काही ऐकायचं नाही. "लोकाचं देणं डोक्यावर घेऊन मी मरणार नाही," एवढंच म्हणायलेत. खरिपाचं सोयाबीन पाण्यात गेलं, तरी विहिरीजवळचं दोन एकर काढायला निघालेत. सातबारा काढून आणलाय, तो पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवलाय. आई रोज तो बाजूला सरकवून भाकरीचं पीठ काढते.

जुगाराचे पैसे कोर्टातून वसूल होत नाहीत असं वाचलं. मग हा चेकचा खटला कसा उभा राहतो? तो माणूस म्हणतोय, "पोलीस उचलून नेतील." असं होतं का? आणि आबांची जमीन यात येते का? भावाची चूक मी झाकत नाही. दुकानदारांची खरी उधारी आहे, ती आम्ही पै-पै फेडू. पण या पैशांपायी आबांचं शिवार जाऊ द्यायचं नाही.

काळाकोट_लातूर:
ताई, आधी जमिनीचं बोलतो. तुमच्या वडिलांनी कुठे सही केली नाही, जामीन राहिले नाहीत, तर मुलाच्या देण्यापायी त्यांच्या नावची जमीन कोणी घेऊ शकत नाही. खरेदीखत थांबवा.

पोलीस उचलून नेतील ही नुसती धमकी आहे. चेक बाउन्सच्या कायद्याच्या (परक्राम्य संलेख अधिनियम) कलम १३८ ची तक्रार ज्याच्या नावे चेक आहे तो थेट मॅजिस्ट्रेटकडे करतो आणि कोर्टातून समन्स येतं. मात्र समन्स हलक्यात घेऊ नका. शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता मूळ मुद्दा. करार कायदा १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल आहे, त्यात जिंकलेल्या पैशांसाठी दावा करता येत नाही. चेकचं देणंही कायद्याने वसूल होण्यासारखं असावं लागतं. हीच मेख ओळखून त्यांनी नोटिशीत "हातउसने" घातलंय. पैसे खेळायला दिले हे उघड झालं तर पाया हलतो.

पण कोर्ट सुरुवात तुमच्या भावाच्या विरुद्ध धरून करतं. चेकच्याच कायद्याच्या कलम १३९ नुसार चेक देण्यापोटीच दिला असं गृहीत धरलं जातं, आणि कोऱ्या चेकवर सही केली म्हणून सुटका नाही. ते गृहीतक खोडायचं काम आरोपीचं. त्याला शंभर टक्के पुरावा लागत नाही, आपली बाजू जास्त संभवनीय दिसली तरी भागतं. ८५ रुपयांची ती नोंद सोन्यासारखी आहे. फोन विकू नका, चॅट पुसू नका, हॉटेलचं बिल मागवून घ्या. एवढी रोकड समोरच्याने कुठून आणली, आयकर विवरणात दिसते का, हेही उलटतपासणीत विचारलं जातं.

एक अडचण आधीच सांगतो. चिप्स कॅसिनोने दिल्या की या माणसाने, यावर बराच फरक पडतो. घेरुलाल पारख खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पैज रद्दबातल असली तरी बेकायदा नाही, त्यामुळे पैजेला जोडून दिलेली उधारी वसूल होऊ शकते. जुन्या मुंबई प्रांतात १८६५ च्या कायद्याने ती जोड-उधारीही रद्दबातल ठरवली. आपला मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. म्हणून तो कायदा इथे लागू नाही, असा मुद्दा समोरचा वकील काढेल, तुमच्या वकिलाने तयारीत असावं.

नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्या. दुसऱ्या कोऱ्या चेकचा नंबर त्यात घालून तो परत मागा.

गोदाकाठ_परभणी:
तो माणूस व्याजाने पैसे फिरवतो का? परवाना नसेल तर महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ आहे. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, चौकशीला १५१०० नंबर आहे.

सोयरीक:
ताई, भाऊ रात्री एकटा झोपतो का? आमच्या घरात असंच घडलं होतं. कोर्टाच्या आधी त्याच्याकडे बघा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ ला, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. सोयरीक ताई, तुमचं वाचून लगेच औशाची गाडी धरली. भाऊ आता आईच्या खोलीत झोपतो. काल त्याने माझ्यासमोर १४४१६ ला फोन लावला, अर्धा तास बोलला.

चिप्स त्या माणसानेच स्वतःच्या नावावर घेऊन दिल्या होत्या, तसं चॅटमध्ये आहे: "माझ्या नावावर दोन लाख अजून उचल." वकिलांनी त्याची छापील प्रत काढली. उत्तर आज स्पीड पोस्टाने गेलं, बाराव्या दिवशी. पाठवण्याआधी आबांनी ते पूर्ण वाचून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे त्यानं लातुरात पैसे दिलेच न्हाईत?" मी नाही म्हटलं. सातबारा त्यांनी स्वतःच डब्याखालून काढून पेटीत ठेवला.

समन्स आलं की इथेच लिहीन.