बारावीनंतर पायलट: तीन वर्षांचं एव्हिएशन कॉलेज की थेट फ्लाइंग स्कूल?

होटगीरोडचा मामा:
आमच्या घरात सध्या दोन पक्ष पडलेत. भाची बारावी सायन्स झाली, फिजिक्स-मॅथ्सला मार्क चांगले आहेत, आणि तिला पायलट व्हायचंय. विमानांना आडवी येणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरात मुंबईचं. तेव्हापासून सोलापुरात प्रत्येक गल्लीत एक तरी पायलट तयार होतोय, त्यात आमची पण.

दाजींचा अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. पैसे त्यांचे, म्हणून मतही त्यांचं जड. "आधी पदवी. बी.एस्सी. एव्हिएशन करू दे, त्यातच फ्लाइंग होतंय म्हणतात."

माझं मत सरळ उलटं आहे. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी, म्हणजे सीपीएलसाठी, डीजीसीए (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) पदवी मागतच नाही. वय १८ पूर्ण, बारावीला फिजिक्स-मॅथ्स, क्लास वन मेडिकल, २०० तास उड्डाण आणि पेपर पास. बास. मग तीन वर्षं कॉलेजात कशाला घालवायची? एअरलाइनमध्ये ज्येष्ठता रुजू झालेल्या तारखेवरून ठरते. तीन वर्षं आधी लागलेली पोरगी कॅप्टनही आधी होणार. शिवाय बऱ्याच कॉलेजांत फी पदवीची वेगळी आणि फ्लाइंगची वेगळी. गाठ शेवटी फ्लाइंग स्कूलशीच पडते, मध्ये कॉलेज दलालासारखं.

बोला. दाजी हा धागा वाचणार आहेत, त्यामुळं जरा जपून.

कडकभाकरी:
मामा, तुम्ही भाचीला पायलट करताय का दाजींना हरवताय?

किंगफिशर २०१२ मध्ये बसली. जेट एप्रिल २०१९ मध्ये. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. मधे कोरोना. प्रत्येक वेळी शेकडो पायलट लायसन्स हातात घेऊन घरी बसले. त्यात ज्यांच्याकडे नुसती बारावी होती त्यांनी काय करायचं? एमपीएससीला बसायचं तरी पदवी लागते, बँकेच्या परीक्षेला लागते, एमबीएला लागते. आणि कंपनी बुडायचीही गरज नाही. कान बिघडला, साखर वाढली, मेडिकल गेलं की लायसन्स कपाटात. पंचविसाव्या वर्षी बारावी पास म्हणून उभं राहायचं?

दलाल म्हणालात, तेही सरसकट खरं नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा आहे, आणि त्यांच्या कॉलेजात मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. एव्हिएशन मिळते. क्लबचंच कॉलेज, क्लबचीच विमानं. दाजी बरोबर आहेत. (दाजी, नमस्कार.)

होटगीरोडचा मामा:
पदवी नको असं मी कुठं म्हणालो? फ्लाइंग करत करत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. करू दे की. परीक्षेपुरतं यायचं. पदवी ती पदवी. एमपीएससीला एव्हिएशनचीच पदवी लागते असं कुठं आहे?

उजवी सीट:
मी बार्शीचा, सध्या एका एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजव्या सीटवरचा को-पायलट. दोघांचंही वाचलं. नोकरीच्या वेळी मला पदवी कुणी विचारली नाही, हे मामांच्या बाजूनं. पण "तीन वर्षं वाचतात" हे मामांचं गणित कागदावरचं आहे.

मी थेट फ्लाइंग स्कूललाच गेलो होतो. नाव घेत नाही. जाहिरातीत कोर्स दीड वर्षाचा. प्रत्यक्षात माझ्याबरोबर पदवीला गेलेले मित्र पदवीधर झाले तरी माझे तास पुरे व्हायचे होते. कारण साधं. ताफ्यात जेवढी विमानं दाखवली होती त्यातली बरीच हँगरमध्ये सुट्या भागांची वाट बघत उभी. इन्स्ट्रक्टर तास भरले की एअरलाइनला पळतात. आणि मागची बॅच संपायच्या आत नवी बॅच भरलेली, कारण तिच्या पैशावर जुन्या बॅचचं पेट्रोल चालतं. पावसाळ्यात ढग खाली आले की विद्यार्थ्यांचं फ्लाइंग बंद. उत्तरेत गेलात तर डिसेंबर-जानेवारीत धुकं. आम्ही हॉस्टेलवर पत्ते खेळून तरबेज झालो.

२०० तास म्हणजे नुसते कुठलेही तास नाहीत हेही लक्षात घ्या. त्यात १०० पायलट-इन-कमांड, म्हणजे विमान स्वतःच्या जबाबदारीवर, त्यातले २० क्रॉसकंट्री, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला, त्यात एक ३०० नॉटिकल मैलांची फेरी, १० तास इन्स्ट्रुमेंट, म्हणजे नुसती उपकरणं बघून, ५ तास रात्रीचे. यातलं एक अडलं की सगळं अडतं. नाइट फ्लाइंगला धावपट्टीवर दिवे आणि एटीसी लागतं, प्रत्येक शाळेच्या तळावर ते असेलच असं नाही.

तेव्हा कॉलेज की स्कूल हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. विमान कुणाचं, आजच्या घडीला किती उडतायत आणि एका विमानामागं किती पोरं, हे आधी विचारा. कॉलेजातही शेवटी तेच विमान, तीच रांग.

पंढरपूर शाखा:
बँकेत आहे, कर्जाच्या बाजूनं बोलतो. शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, वर गेलं की घर, प्लॉट, ठेव काहीतरी ठेवावं लागतं. फ्लाइंगचा खर्च ५० लाखांच्या आसपास धरा, पुढं टाइप रेटिंगचे, म्हणजे एअरलाइनचं ठरावीक जातीचं विमान शिकायचे, पंधरा-वीस लाख वेगळे. म्हणजे दाजींचा कारखाना नाहीतर घर बँकेकडं.

आता उजवी सीट म्हणतात त्या उशिराची किंमत सांगतो. ५० लाख ११ टक्क्यांनी घेतले तर नुसतं व्याज वर्षाला साडेपाच लाख. पंधरा वर्षांची परतफेड धरली तर हप्ता महिन्याला ५७ हजारांच्या घरात. हप्ता कोर्स संपल्यावर साधारण वर्षभरानं सुरू होईल, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून पळतं. म्हणून मला तरी कॉलेजचा एक फायदा दिसतो. पहिल्या वर्षी थिअरी, पैसे कमी. उचल उशिरा, व्याज कमी. आणि पहिल्या वर्षात पोरीला कळलं की हे आपलं काम नाही, तर नुकसान लाखभरात आवरतं, पन्नास लाखांत नाही.

होटगीरोडचा मामा:
पंढरपूर, व्याजाचं पटलं. पण थिअरीसाठी कॉलेज कशाला? डीजीसीएचे पेपर घरी अभ्यास करून देता येतात की. कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेचा नोंदणी क्रमांक, काढायचा, नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल. ७० टक्क्यांना पास. जुळे सोलापुरातल्या खोलीत अभ्यास कर, परीक्षेला केंद्रावर जा. एक रुपया फ्लाइंगवर घालायच्या आत कळतं की पोरगी किती पाण्यात आहे.

डॅलसचा सोलापुरी:
हा "कॉलेज की फ्लाइट स्कूल" वाद यूट्यूबवर बघून आपल्याकडं आलाय, आणि मूळ कारण तिकडंच राहिलंय. म्हणून थोडं.

२००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेत कायदा झाला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही १५०० तास लागायला लागले. (त्या विमानातल्या दोन्ही पायलटांचे तास १५०० च्या वर होते, हा भाग वेगळा.) त्यात सूट ठेवली: मान्यताप्राप्त कॉलेजातून एव्हिएशनची चार वर्षांची पदवी असेल तर १०००, दोन वर्षांची असेल तर १२५०. म्हणून इथली पोरं एम्ब्री-रिडल, नॉर्थ डकोटा असल्या विद्यापीठांत एवढी फी भरतात. ५०० तास वाचले म्हणजे इन्स्ट्रक्टर म्हणून घासायचे बरेच महिने वाचले.

भारतात २०० तासांवर टाइप रेटिंग करून उजव्या सीटवर बसता येतं. सूट कशातून देणार? त्यामुळं अमेरिकेतला हिशोब आपल्या बी.एस्सी. एव्हिएशनला लावू नका. कुणी तसं सांगून प्रवेश विकत असेल तर उठून या.

इकडं येऊन शिकायचा विचार असेल तर तास पटापट होतात, हवा आणि विमानं दोन्ही आहेत. पण परत जाऊन लायसन्स बदलायला डीजीसीएचे पेपर आणि स्किल टेस्ट आहेतच. आणि शिक्षण संपल्यावर इथं एअरलाइनला लागायचं तर कामाचा कायमचा हक्क लागतो, तो लायसन्सबरोबर मिळत नाही.

कडकभाकरी:
डॅलस, माहिती चांगली, पण माझा मुद्दा तिथंच आहे. मी पदवी तासांच्या सवलतीसाठी मागत नाही, पोरगी पडली तर खाली काही असावं म्हणून मागतोय. आणि मामांची मुक्त विद्यापीठाची आयडिया बोलायला गोड आहे. पहाटे पाचला उठून ब्रीफिंग, दुपारी ग्राउंड क्लास, आणि ही बी.ए.च्या असाइनमेंट लिहिणार? कुणी केलंय का बे असं?

उजवी सीट:
केलंय. बॅचमधल्या दोघींनी केलं, फ्लाइंग बंद असलेल्या पावसाळ्यात. मी नाही केलं, मला पत्ते होते.

पूर्वभाग:
सगळेजण दाजींच्या पैशावर चर्चा करताय. ज्यांच्याकडं कारखाना नाही, माग पण दुसऱ्याचा, त्यांनी काय करायचं? ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेनं नागपूर फ्लाइंग क्लबमधून पायलट प्रशिक्षणाची योजना काढली होती. आमच्या पद्मशाली पोरांना हे माहीतच नसतं. जागा थोड्या, पण जाहिरातीवर नजर ठेवायला पैसे लागत नाहीत. दुसरं, फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी केंद्र सरकारची आहे. फी ४५ लाखांच्या घरात, म्हणजे स्वस्त नाहीच, पण प्रवेश परीक्षेतून मिळतो आणि नाव आहे. मामा, तिथं अर्ज न करता खासगी शाळेचा विचार करणं म्हणजे येडेपणा.

होटगीरोडचा मामा:
अर्ज करणारच. पण तिथं नाही लागला नंबर तर? दाजी म्हणतात "तर कॉलेज", मी म्हणतो "तर गोंदिया नाहीतर बारामती". गुलबर्गाही आहे, आपल्याला मुंबईपेक्षा ते जवळ. विमानतळ प्राधिकरणानं २०२१ मध्ये बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो, लीलाबारी इथं फ्लाइंग स्कूलना जागा दिल्या, त्यातलं कलबुर्गी म्हणजेच गुलबर्गा. आता म्हणे पायलट कमी पडतायत. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं कशी धडाधड रद्द झाली बघितलं ना. म्हणून म्हणतो, थांबायची वेळ नाही.

उजवी सीट:
इथं थांबवतो तुम्हाला. विश्रांतीचे नवे नियम आले आणि त्या हिशोबानं पायलट नव्हते, म्हणून ती विमानं रद्द झाली. तिथं उणीव २०० तासवाल्यांची नव्हती. कॅप्टन लागतात, आणि कॅप्टनसाठी एटीपीएल हे सीपीएलच्या वरचं लायसन्स, म्हणजे १५०० तास. २०० तासवाल्या पोरांची रांग अजूनही मोठी आहे, टाइप रेटिंग करून बसलेलीही आहेत. "पायलटची टंचाई" हे वाक्य शाळांच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर असतं, ते तुमच्या तोंडी ऐकून वाईट वाटलं.

घाई असेल तर एअरलाइनच्या कॅडेट प्रोग्रामला बसा. निवड आधी, प्रशिक्षण नंतर. पण खर्च कोटीच्या वर जातो.

जुळेसोलापूरची ताई:
इतकं सगळं वाचलं. मुलीचं स्वतःचं मत धाग्यात कुठंच नाही. आणि मेडिकल झालंय का तिचं? क्लास वनच्या आधीचं क्लास टूच झालं नसेल तर ही सगळी चर्चा हवेत.

होटगीरोडचा मामा:
ताई, बरोबर पकडलंत. तिचं मत मीच मांडतोय असं मला वाटत होतं. आत्ता विचारलं. म्हणाली, "मामा, मला फ्लाइंग स्कूल पाहिजे, पण बाबांचं घर तारण ठेवून नको." आता हे कुठल्या पक्षात धरायचं? मेडिकलची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात, पुण्याला. चष्मा आहे, त्याची धास्ती आहे.

जुळेसोलापूरची ताई:
चष्म्यानं अडत नाही, चष्मा लावून सहा-सहा दिसलं पाहिजे. रंग ओळखण्याची तपासणी महत्त्वाची.

पंढरपूर शाखा:
तिनं घर तारण नको म्हटलं असेल तर मग माझं मत आणखी पक्कं. पहिलं वर्ष कमी पैशाचं ठेवा. कॉलेज असो की घरी बसून पेपर. एक मात्र करा, फ्लाइंग स्कूलला सगळी फी एकदम भरू नका, सूट देतो म्हणाले तरी. उडालेल्या तासांप्रमाणं हप्ते, आणि सोडलं तर किती परत, हे करारात लेखी. नाही म्हणाले तर पुढची शाळा.

कडकभाकरी:
पेपर घरी बसून, एवढ्यापुरतं मी मामांच्या बाजूनं. पण त्याच वर्षी बी.एस्सी.ला नाव घालायचं, साधी बी.एस्सी. फिजिक्स, इथंच सोलापुरात. एव्हिएशन नाव लावलं की फी वाढते. आणि ते बीबीए एव्हिएशन म्हणतात त्याच्या तर वाटेला जाऊ नका. विमानतळाचं व्यवस्थापन शिकवतात, कॉकपिटशी संबंध नाही. आमच्या शेजारचा मुलगा पायलट होणार म्हणून पेढे वाटून झाले होते.

होटगीरोडचा मामा:
म्हणजे तुम्ही दाजींची बाजू सोडली की.

कडकभाकरी:
सोडली नाही. दाजींचं कॉलेज सोडलं, पदवी नाही सोडली. तुम्ही तीन वर्षं वाचवायला निघालात, मी एक वर्ष तरी वाया घालवा म्हणतोय.

होटगीरोडचा मामा:
ते वर्ष मला अजून पटलेलं नाही. बारामतीला आणि गुलबर्ग्याला जाऊन बघून येतो, मग बोलू. काय काय विचारायचं ते उजवी सीट यांनी एकत्र टाकलं तर बरं.

उजवी सीट:
ऑफिसात बसू नका, हँगरकडं चला म्हणा. गेल्या महिन्यात एकूण किती तास उडाले ते विचारा, तेवढ्यानं बाकीचं कळतं. शेवटच्या बॅचमधल्या किती जणांचं सीपीएल हातात आलं, आणि कधी, तेही विचारा. डीजीसीए २०२५ पासून शाळांची श्रेणी जाहीर करते, पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा नव्हती, तेव्हा कुणी "देशात नंबर वन" म्हणालं तर यादी काढून दाखवा. संध्याकाळी हॉस्टेलजवळच्या टपरीवर चहा घ्या, पोरं आपणहून बोलतात. आणि शक्यतो ऑगस्टमध्ये जा. ऑक्टोबरात सगळीकडंच विमानं उडतात.