गाडी धुतल्यावर साबणाचे पांढरे डाग राहतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
मी सांगलीत विश्रामबागला राहतो. गाडी गडद निळी, त्यामुळे काहीही लपत नाही. दर रविवारी घरीच धुतो. पाणी मारून झालं की गाडी अगदी झकास दिसते, आणि वाळली की बॉनेटवर पांढरे गोल गोल डाग, आरशाखाली ओघळाची पांढरी रेघ. पुढच्या काचेवर तर असा धुरकटपणा येतो की रात्री मिरजेहून परतताना समोरच्या गाडीचे दिवे काचभर पसरतात.

आधी कपड्यांची पावडर वापरायचो. त्यावरून पुष्कळ बोलणी खाल्ली, म्हणून आता गाडीचा शांपू आणलाय. तरी तेच! पद्धत अशी: साडेनऊच्या सुमारास अंगणात, बोअरच्या पाण्याचा पाईप लावून भिजवतो, सगळ्या गाडीला एकदमच फेस लावतो, मग धुतो. शेवटचा हात आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचा, ते टबात साठवतो. फिल्टरचं पाणी, म्हणजे स्वच्छच. साबण नीट निघत नाही का? शांपू बदलू?

उत्तर:
दादा, शांपूला उगाच नावं ठेवू नका. आरओ क्षार अडवतो आणि ते सगळे त्या वाया जाणाऱ्या पाण्यातून बाहेर सोडतो. म्हणजे बोअरपेक्षाही जास्त क्षारांचं पाणी तुम्ही शेवटी गाडीवर ओतताय. खात्री करायची तर धुतलेल्या बॉनेटवर दोन थेंब टाका, एक टबातला, एक पिण्याच्या पाण्याचा. वाळू द्या आणि बघा.

साडेनऊचं ऊनही नडतं. सावलीत, पत्रा गार असताना धुवा. टपापासून खाली, एका वेळी एकच भाग: फेस लावला की लगेच धुवायचा, वाळू द्यायचा नाही. शांपू बाटलीवर लिहिलाय तेवढाच, जास्त फेस म्हणजे जास्त धुणं. शेवटी अर्धी बादली आरओचं प्यायचं पाणी आणि लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या, घासू नका. जुन्या डागांना पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी. मिनिटभरात धुऊन टाका, आणि आधी एका कोपऱ्यावर करून बघा.

धागाकर्ता:
थेंबांचा प्रयोग केला. टबातल्या थेंबाचं पांढरं कडं उमटलं, दुसऱ्याचा मागमूस नाही. वर्षभर मीच डाग घालत होतो म्हणायचं! घरात अजून बोललो नाही, टब ठेवायची अक्कल माझीच. काच व्हिनेगरने बरीच उजळली, वायपरच्या कोपऱ्यातला थर मात्र हलत नाही. त्याला काय करता? आणि ते टबातलं पाणी आता कुंड्यांना तरी चालेल का, की संडासातच ओतू?

उत्तर:
कुंड्यांना नको, मातीत क्षार साठतील. संडासातच बरं. कोपऱ्यावर व्हिनेगरात भिजवलेला कापूस पाच मिनिटं ठेवा, रंगाला लागू देऊ नका, मग पाण्याने धुवा. वायपरचं रबरही पुसून घ्या, नाहीतर तेच परत काचेवर फिरेल.