साधना नाही, पण मजा आहे : तुमचे अनुभव लिहा

शेवंती : काल माळा आवरताना जुन्या चहाच्या डब्यात पाच गजगे सापडले. (सागरगोटे हो. आमच्याकडे गजगेच.) आजीचे. तिथेच शिडीवर बसून राहिले. आजी सत्तरीतही ओट्यावर माझ्याशी खेळायची. बांगड्या कोपराकडे सारायची, एक गजगा वर, तो खाली यायच्या आत बाकीचे चार मुठीत. हरायला लागली की धडधडीत रडीचा डाव. शेजारच्या काकू म्हणायच्या, "आता जरा हरिपाठ करा, वय झालं." आजी म्हणायची, "करते ना, हिचा डाव होऊ दे."
गेल्या वर्षभरात माझं ध्यानाचं अ‍ॅप, पहाटे ५ चा गजर, कृतज्ञतेची वही, सगळं करून झालंय. वहीत तिसऱ्या दिवशी "आज कामवाली वेळेवर आली" याच्यापुढे काही सुचेना. काल मात्र फरशीवर तासभर खेळले, एकटीच. गुडघे बोंबलले. तुमचं असं काही आहे का? साधनाबिधना नाही, नुसतं खेळायचं म्हणून खेळणं?

बाकावरचा : गजगा फरशीवर घासून पुढच्याच्या मानेला चटका! पाचवी ब. ज्याला दिला तो आज माझा साडू आहे. अजून वचपा काढतोय.

कुकरची_शिट्टी : मस्त धागा! भात लावलाय, येतेच लिहायला.

पायवाट : देवबिव मानत नाही, तरी वारीला जातो. घरचे विचारतात कशाला. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून घोडा धावून गेला की लोक टापांखालची माती कपाळाला लावतात. मी नाही लावत. पण फुगड्या सुरू झाल्या की... एका वर्षी परभणीकडच्या एका मावशींनी हात धरून खेचलं. साठीच्या तरी असतील. पाय जुळवले, मागे रेलल्या आणि गरागरा. मी आपटलो. वर बघून म्हणतात, "शहरातला दिसतोस. जेवतोस का नाही?"

रविवार_दुपार : सापशिडी म्हणजे मूळचा मोक्षपट, ज्ञानेश्वरांनी केला असं सांगतात. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, शेवटी मोक्ष. आजोबा हे सगळं समजावायचे आणि आम्ही वाट बघायचो ती त्यांना नव्वदीतला साप कधी गिळतो याची. गिळला की तेच सगळ्यात मोठ्यानं हसायचे.

निमूट : रागावू नका, पण मला ध्यानानं खरंच सावरलं. रात्रीची झोप परत आली. सरसकट टिंगल नको.

शेवंती : निमूट, टिंगल तुमची नाही हो, माझ्या वहीची. चालू ठेवा.

चौथा_भिडू : हे कुठे बोललो नाही. आई गेली, तेरावं झालं, पाहुणे पांगले. रात्री झोप कुणालाच नाही. धाकट्यानं कपाटातून पत्ते काढले. मेंढीकोट. पण चौथी आईच असायची, त्यामुळे आम्ही तिघं नुसतेच पानं पिसत बसलो. बाबा आतून आले, काही न बोलता तिच्या जागेवर बसले. आयुष्यात पत्ता हातात धरला नव्हता त्यांनी. हुकूम म्हणजे काय इथपासून सुरुवात. पहाटेपर्यंत खेळलो. बाबांनी बदामाची मेंढी, म्हणजे दश्शी, सरळ विरुद्ध जोडीच्या हातात घातली आणि धाकटा आईच्याच सुरात ओरडला, "अहो, लक्ष कुठंय!"

बाकावरचा : भिडू, नमस्कार. आत्ता विनोद सुचत नाहीये.

अंबाडी : आमच्याकडे अजून दर गुरुवारी मेंढीकोट असतो, बाबांना घेऊन या कधीही. बाय द वे, लेकीसाठी गजगे कुठे मिळतील?

रविवार_दुपार : काष्ठौषधीवाल्याकडे. लताकरंज म्हणून मागा.

कुकरची_शिट्टी : आले. धागा वाचताना तीनच्या सात शिट्ट्या झाल्या. भाताची खिमट झालीय.

पायवाट : ताक घाला, वरून हिंग-मिरचीची फोडणी. मुद्दाम केलाय म्हणून सांगा.