गिटारवर स्टाफ नोटेशन वाचायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

चिंचवडचा टॅबवाला:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं गिटार वाजवतोय, पण सगळं कॉर्ड्स आणि टॅबवर (टॅब म्हणजे कोणत्या तारेवर कितव्या फ्रेटला, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या पट्टीला, बोट ठेवायचं ते आकड्यांत सांगणारं लेखन). लहानपणी पेटी शिकलो, त्यामुळे सरगम पक्की आहे. आमच्या सोसायटीतली एक मुलगी व्हायोलिनच्या ग्रेडच्या परीक्षा देते, तिच्याबरोबर वाजवायचं ठरलंय. तिनं कागद पुढे ठेवला नि म्हणाली, "काका, दुसऱ्या ओळीपासून घ्या." त्या पाच रेघांतलं मला काही कळत नाही. टॅब करून देणारी ॲप्स आहेत, पण मला मनापासून वाचायलाच शिकायचंय. एकच सूर गिटारवर चार-पाच ठिकाणी सापडतो, मग कागदावरचं टिंब वाजवायचं कुठे? आणि व्हायोलिनचा कागद गिटारला चालतो का?

मडगावकर:
नेमकं दुखणं पकडलंत. मोकळ्या, म्हणजे बोट न दाबता छेडलेल्या पहिल्या तारेचा ई घ्या. तोच सूर दुसऱ्या तारेवर ५व्या फ्रेटला, तिसरीवर ९व्या, चौथीवर १४व्या आणि पाचवीवर १९व्या फ्रेटला मिळतो. पियानोवर एका टिंबाला एकच पट्टी. गिटारवाले वाचनात मागे पडतात ते यामुळे.

म्हणून सध्या फक्त पहिली पोझिशन, म्हणजे पहिले चार फ्रेट. तेवढ्यात प्रत्येक सुराला एकच जागा उरते. अपवाद बीचा, तो तिसऱ्या तारेच्या ४थ्या फ्रेटवरही येतो. तो मोकळ्या दुसऱ्या तारेवरच घ्या. मोकळ्या तारा आधी डोळ्यांत बसवा: पहिली ई सगळ्यात वरच्या घरात, दुसरी बी मधल्या रेघेवर, तिसरी जी खालून दुसऱ्या रेघेवर, चौथी डी सगळ्यात खालच्या रेघेला खालून चिकटून. पाचवी ए खालच्या दुसऱ्या जादा रेघेवर, सहावी ई तिसऱ्या जादा रेघेच्याही खाली.

पण त्याआधी लय. टॅबवर वाढलेल्या माणसाची कच्ची बाजू बहुधा हीच असते, कारण सूर किती मात्रा धरायचा हे बऱ्याचशा टॅबमध्ये नसतंच. गाणं ऐकलेलं असतं म्हणून निभावतं. गिटार बाजूला ठेवा, पायानं ठेका धरा आणि एक ओळ नुसती टाळीवर काढा. ४/४ मध्ये, म्हणजे चार मात्रांच्या ठेक्यात, भरीव टिंबाला दांडी असेल तर एक मात्रा, पोकळ टिंबाला दांडी असेल तर दोन, भरीव टिंबाच्या दांडीला एक शेपूट असेल तर अर्धी. हे बिनचूक आलं की मगच तार छेडा.

टिंबांखाली ए-बी-सी लिहू नका. डोळा अक्षराकडेच जातो. आणि तोच धडा घोटू नका. दोन-तीनदा वाजवला की पाठ होतो आणि वाचन तिथेच थांबतं. रोज नव्या, अगदी सोप्या चार ओळी घ्या. आमच्या गावातले जुने व्हायोलिनवाले चर्चच्या शाळेत आधी कागद गाऊन दाखवत, वाद्य नंतर हातात येई. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा हे हिंदी सिनेमाचे अरेंजर गोव्याचेच. त्या ऑर्केस्ट्रात आमच्याकडचे इतके वादक होते ते वाचनाच्या जोरावर, याचा मला फार अभिमान वाटतो.

व्हायोलिनचा कागद खुशाल घ्या. गिटार लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतं, व्हायोलिन लिहिलंय तिथेच. दोघांनी एकच ओळ वाजवली तर सप्तकाचं अंतर पडेल, कानाला गोड लागतं. व्हायोलिनचा सगळ्यात खालचा जी तुमच्या सहाव्या तारेच्या ३ऱ्या फ्रेटवर येतो, त्यामुळे खालचं काही सुटणार नाही.

साताऱ्याची पेटीवाली:
मडगावकरांचं सगळं पटलं, फक्त सरगम सोडू नका. सी म्हणजे कायमचा सा असं धरू नका, एवढंच. सी पांढरी एक, डी पांढरी दोन, जी पांढरी पाच, हे तुम्हाला पेटीमुळे येतंच. ओळीच्या सुरुवातीला एकच शार्प (♯, म्हणजे सूर अर्धा स्वर वर) दिसला तर तो एफवर असतो आणि बहुतेकदा जी मेजर असतं (ई मायनरही असू शकतं). पांढरी पाचचा सा धरलात की तो एफ शार्प म्हणजे आपला शुद्ध नी. एफ आणि सी असे दोन शार्प असले तर बहुधा पांढरी दोनचा सा. मग एफ शार्प शुद्ध ग, सी शार्प शुद्ध नी. असं पाहिलं की पुढचा सूर कानाला आधीच कळायला लागतो.

चिंचवडचा टॅबवाला:
दोघांचेही मनापासून आभार. तिचं पान दोन शार्पचंच आहे, सुरुवात आणि शेवट डीवर! पण मध्ये एक ए पाच रेघांच्याही वर, जादा रेघेवर आहे. पहिल्या पोझिशनमधून तिथे हात कधी सरकवायचा?

मडगावकर:
सरकवूच नका. डी मेजरला दुसरी पोझिशन घ्या, म्हणजे पहिलं बोट २ऱ्या फ्रेटवर. पहिल्या तारेवर एफ शार्प, जी आणि ए हे पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या बोटाखाली येतात. दुसऱ्या तारेवर सी शार्प आणि डी पहिल्या-दुसऱ्या बोटाखाली. मोकळी ई आणि मोकळी बी वापरायला हरकत नाही. बोटाचा आकडा लिहिलेला चालतो, तेव्हा त्या वरच्या ए वर पेन्सिलीनं ४ लिहून ठेवा.